दव गोठलं त्या साली

यंदा पौष लागला तसं सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं. उचगावातल्या आमच्या शाळेत पहिल्या तासाला पोरं हात काखेत घालून बसतात. माझीही बोटं खडूवर जरा उशिरा वळतात. बाहेरच्या रस्त्यानं उसाच्या गाड्या चाललेल्या असतात, आणि वारा फिरला की कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गरम, किंचित जळका गोड वास वर्गात शिरतो. मग कविता कितीही चांगली असली तरी सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळतात. आमच्या भागात थंडी अशीच येते. चार दिवस लाड करून घेते आणि जाते. तिला कुणी भीत नाही.

मी भिते. चार वर्षं झाली. पेपर आला की आधी तापमानाचा कोपरा बघते, आणि आकडा दहाच्या खाली दिसला की अक्काला फोन लावते.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही शिवाजी पेठेतल्या पोरी. फुटबॉलच्या दिवसांत गल्लीतल्या टीमनं गोल केला की अक्का गच्चीवरून जी आरोळी ठोकायची, ती पलीकडच्या तालमीपर्यंत ऐकू जायची. वडील म्हणायचे, "हिला नवरा लांबचा बघायला पायजे, जवळचा बहिरा हुईल." तो पन्हाळ्याच्या पायथ्याला मिळाला. दाजी तसे अबोल. ओढ्याकाठच्या खोलगट रानात त्यांनी छत्तीस कलमी लिंबं लावली आणि त्यातच घर बांधलं. मग अक्काचा आवाज पेठेतून त्या रानात गेला. घरात उभी राहून ती दाजींना बागेच्या पार टोकाला जेवायला हाक मारायची आणि ते तिथूनच हात वर करायचे.

एका श्रावणात दाजी गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखाना येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुतणे, भावकी, पुण्याहून आलेली लेक, सगळे दिवसकार्य करून परत गेले. त्यानंतर अक्का हळू बोलायला लागली. इतकं हळू, की फोनवर मला सारखं "काय म्हणालीस?" असं विचारावं लागे. म्हणून मी दर शनिवारी शाळा सुटली की एसटी धरून तिच्याकडं जायला लागले. रविवारी संध्याकाळी परत.

त्याच सालच्या पौषातली एक रविवारची सकाळ. तांब्या घेऊन मी बाहेर आले तर समोरचं गवत पांढरं. मला वाटलं, अक्कानं चुन्याची फक्की सांडली. पाय ठेवला तर पायाखाली करकरलं. वाकून हात लावला आणि कळलं, दव गोठलंय. आमच्या कोल्हापुरात, जिथं थंडी म्हणजे हुरडा आणि शेकोटी, तिथं दव गोठलं होतं. त्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही असलं काही आठवत नव्हतं.

अक्का माझ्यामागून आली. ती गवताकडं बघतच नव्हती. सरळ पहिल्या लिंबापाशी गेली आणि एक पान दोन बोटांत धरलं. पान काचेसारखं चमकत होतं. तिनं ते सोडलं, दुसरं धरलं, मग तिसरं. ऊन पडेपर्यंत ती अशी झाडाझाडापाशी जात राहिली. ऊन आलं तेव्हा पानांवरचं पाणी ठिबकायला लागलं. क्षणभर सगळी बाग इतकी सुंदर दिसली, की मला त्याची लाज वाटते अजून.

दुपारपर्यंत पानं उकडल्यासारखी झाली. गडद, ओली, लोंबती. बागेत भाजी शिजल्यासारखा वास आणि त्याच्या आत कुठंतरी लिंबाच्या पानाचा वास. पुढच्या शनिवारी गेले तेव्हा छत्तीसच्या छत्तीस झाडं तपकिरी होती. उन्हाळ्यात वाळतं तसं हे वाळणं नव्हतं. कुणी जाळून गेल्यासारखं होतं.

बापू त्या दिवशी आलेले. बापू म्हणजे अक्काचे धाकटे दीर. वरच्या बाजूला त्यांचा ऊस. तो उंचावर होता, म्हणून वाचला. थंडी पाण्यासारखी उतारानं खाली येते आणि खोलगटात साचते, हे आम्हाला सगळ्यांना त्या साली कळलं. बापू कट्ट्यावर बसले, टोपी काढली, परत घातली.

"वैनी, वाईट वाटून घेऊ नगा," ते म्हणाले. "पर ही झाडं गेली. मी ट्रॅक्टर घालतो, बुडकी काढतो. ऊस लावूया. पाण्याचं, भांगलणीचं सगळं मी बघतो. तुमी नुसतं बसून ऱ्हावा."

त्यांच्या मनात खोट नव्हती. एकटी बाई, एवढी बाग, वरून हे. त्यांना खरंच तिचा भार हलका करायचा होता. मलाही मनातून तेच पटत होतं.

अक्कानं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाली, "पाडव्यापतूर थांब."

"थांबून काय हुणार, वैनी?"

"ते थांबल्यावर कळंल की."

बापूंनी माझ्याकडं बघितलं. मी बागेकडं बघितलं. "बरं," ते म्हणाले. "पाडव्याला येतो."

ज्या म्हाताऱ्याकडून दाजींनी ती कलमं आणली होती, ते अप्पा शेजारच्या गावात लेकीकडं राहायचे. मूळचे गडहिंग्लजकडचे लिंगायत, आयुष्य रोपवाटिकेत गेलेलं. बोलताना अर्धं मराठी, अर्धं कानडी. अक्कानं निरोप धाडला आणि ते काठी टेकत, कपाळाला भस्म, खांद्यावर घोंगडं, असे आले. चहा घेतला नाही. आधी झाडांपाशी गेले.

अंगठ्याच्या नखानं त्यांनी एका फांदीची साल खरवडली. आत तपकिरी. थोडं खाली खरवडलं. तपकिरी. आणखी खाली, मनगटाएवढ्या जाड जागी, आणि तिथं साल निघाल्यावर ओला, कोवळा हिरवा रंग दिसला. एक ठिपकाच. अप्पांनी अक्काचा हात धरून तिचं बोट त्या हिरव्यावर ठेवलं.

"मी आता कापून काढतो वाळलेलं," अक्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, करतो, जातो. "खत घालतो. पाणी सोडतो."

"ब्याड," अप्पा म्हणाले. "नको. कात्री नको, खत नको. ज्याला पानंच न्हाईत त्यो पाणी पिणार किती? जरा जरा दे. आनी कापायचं कुठवर, ते तुला आज कळनार न्हाय, मला बी कळनार न्हाय. झाड सांगतंय. दोन-तीन म्हैन्यांनी सांगतंय."

मग त्यांनी आम्हाला दोन फांद्या दाखवल्या. एकीवरची पानं गळून खाली पडली होती, ती उघडी होती. दुसरीवर वाळलेली पानं अजून घट्ट. मी म्हणाले, "ही बरी दिसते, हिची पानं तरी टिकलीत."

अप्पा हसले. "उलटं हाय, तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण. "ही मेली. हिच्यात पान टाकायची ताकद न्हाय ऱ्हायली. आनी ती बघ, उघडी. ती जिती हाय. पान सोडायला सुदिक जीव लागतो झाडाला."

अक्का त्या उघड्या फांदीखाली बसली आणि पडलेली पानं ओंजळीत गोळा करायला लागली. त्या संध्याकाळी तिनं दाजींची कपाटातली दोन धोतरं काढून बापूंच्या गड्याला दिली. 

पौष असाच गेला. आम्ही गोठलेली लिंबं तोडून काढली. बाहेरून पिवळीधमक, चिरली की आत कापसासारखी कोरडी. उघड्या पडलेल्या खोडांना ऊन लागून साल तडकू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप लावला. ब्रश माझ्या हातात, बादली तिच्या हातात. अक्काच्या गालावर निळा शिंतोडा उडायचा आणि ती तो पुसायची नाही. सकाळी दार उघडून ती कट्ट्यावर चहा प्यायची. समोर ती सगळी तपकिरी, मेल्यासारखी झाडं. तिची नजर त्यांच्यावरून सावकाश फिरायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मला ते बघवायचं नाही. मी चहा घेऊन आत जायची.

आता मी केलं ते सांगते.

एका रविवारी अक्का दाजींच्या जमिनीची वारसनोंद करायला बापूंबरोबर पन्हाळ्याला वकिलाकडं गेली. मी एकटी होते. दारासमोरची पहिली दोन झाडं सगळ्यात वाईट दिसत होती. उठल्या उठल्या तिला आधी हीच दिसणार. निदान एवढं तरी तिच्या डोळ्यांपुढून काढावं, असं माझ्या मनानं घेतलं. अप्पांचं बोलणं मला आठवत होतं. पण ते बागेबद्दल आहे, दोन झाडांनी काय होणार, असं मी स्वतःला समजावलं. भिंतीवरची करवत घेतली आणि दोन्ही झाडं कमरेएवढी ठेवून वरचं सगळं उतरवलं. फांद्या बांधाला टाकल्या. अंगण झाडलं. हातांना फोड आले होते आणि मला फार चांगलं वाटत होतं.

अक्का दुपारी आली. फाटकातच थांबली. तिनं त्या दोन बुंध्यांकडं बघितलं आणि मग माझ्या हातांकडं. चप्पल काढून आत गेली, पातेल्यात खोबरेल कोमट करून आणलं, माझे तळवे मांडीवर घेऊन फोडांना लावत बसली. मला वाटलं, झालं, राग आला नाही.

तेल लावून झाल्यावर ती म्हणाली, "तुला बघवत न्हवतं, शैले. मला बघवत हुतं."

एवढंच. मी त्या दिवशी लवकरची एसटी धरली.

त्यानंतरचे दिवस उबदार गेले. आणि माघात, सगळ्या बागेत कुठंही हालचाल नसताना, मी कापलेली ती दोनच झाडं फुटली. नखाएवढे लालसर हिरवे कोंब, खालपासून वरपर्यंत. मी शनिवारी जाऊन बघितलं आणि खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. मी अप्पांना मनातल्या मनात चार गोष्टी ऐकवल्या.

पुढच्याच आठवड्यात थंडी परत आली. पौषाएवढी नव्हती. पण कोवळ्या कोंबांना तेवढी पुरली. बाकीची चौतीस झाडं डोळे मिटून होती, त्यांच्याकडं थंडीनं नेण्यासारखं काही नव्हतं. माझीच दोन जागी होती. त्यांचे कोंब काळे पडले, मग हात लावला की पीठ व्हायला लागले. वाचलेली सगळी ताकद त्यांनी त्या फुटव्यात घातली होती. अक्कानं पोती पांघरवली होती म्हणे त्यांच्यावर. स्वतःच्या अंगावरची शालसुद्धा. फोनवर तिनं हे सांगितलं तेव्हा मला "काय म्हणालीस?" असं विचारावं लागलं नाही. मला सगळं स्पष्ट ऐकू आलं.

त्यानंतर दोन आठवडे मी गेलेच नाही. शाळेची कारणं सांगितली. तिसऱ्या शनिवारी अक्काचा फोन आला, "पोहे भिजवलेत, ये." मग गेले.

फाल्गुन लागला आणि बाग बोलायला लागली. आधी ओढ्याकडच्या ओळीत एका झाडाच्या जाड फांदीला एक हिरवा ठिपका. मग दुसऱ्याला. दर शनिवारी मी पोचले की अक्का मला हाताला धरून न्यायची आणि नवे कोंब दाखवायची, आणि तिचा आवाज दर वेळी एकेका पायरीनं वर चढलेला असायचा. कुठल्या फांदीचं टोक गेलं, कुठली अर्धी जगली, कुठली पार खोडापर्यंत मेली, सगळं झाडानंच दाखवून दिलं. जिथं मेलं वाटत होतं तिथून फुटलं. जिथं खात्री वाटत होती ते गेलं. आम्ही जानेवारीत कात्री चालवली असती तर निम्मं जितं लाकूड तोडून बसलो असतो.

माझ्या दोन झाडांपैकी एक मुळासकट वाळलं. दुसऱ्याला बुडापाशी जोरदार फुटवा आला, रुंद पानांचा, काटेरी, भराभर वाढणारा. मी अप्पांना मोठ्या आशेनं दाखवला. ते वाकले, मातीच्या वर चार बोटं असलेली कलमाची गाठ त्यांनी चाचपली. फुटवा त्या गाठीच्या खालून आला होता.

"हे लिंबू नव्हं, तंगी," ते म्हणाले. "ही जंबेरी. रानटी मूळ. तिच्यावर लिंबाचा डोळा भरून कलम केलेलं. वरचं लिंबू गेलं, खालची जंबेरी ऱ्हायली."

मला तिथंच रडू आलं. शाळेत पोरांसमोर कधी रडले नाही, दाजी गेले तेव्हाही सगळ्यांची जेवणं बघत फिरले. आणि त्या रानटी फुटव्यापाशी उकिडवी बसून रडले. अक्का शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अप्पा, डोळा परत भरता येतो का हिच्यावर?"

"येतो की. पावसाळ्यात. हे जरा पेन्सिलीएवढं जाड हू दे."

पाडव्याला बापू आले. बोलल्याप्रमाणे आले. गुढी उभारून झाली होती, अक्कानं त्यांना कडुलिंब आणि गूळ दिला. मग ते एकटेच बागेत शिरले. आम्ही दोघी कट्ट्यावरून बघत होतो. ते प्रत्येक झाडापाशी थांबत होते, अंगठ्याच्या नखानं साल खरवडत होते आणि पुढं जात होते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, अक्काला करताना त्यांनी कधीतरी बघितलं असणार. सगळी बाग फिरायला त्यांना अर्धा तास लागला. परत येऊन पाय धुतले.

"ट्रॅक्टर ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांच्या रानातून पाचटानं भरलेली ट्रॉली आली. उसाची वाळलेली पानं. उन्हाळ्यात लिंबांच्या बुडाला पसरायला, ओल टिकावी म्हणून. एरवी त्या भागात पाचट जाळून मोकळे होतात. बापूंनी त्या साली त्यांचं सगळं पाचट बागेत टाकलं.

दाजींचं वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात अप्पांनी अक्काकडून डोळा भरून घेतला. स्वतः नाही भरला, त्यांचे हात थरथरायचे. पाऊस उघडला होता. ओढ्याकडच्या ओळीतल्या, सगळ्यात आधी फुटलेल्या झाडाची एक काडी अक्कानं आणली. जंबेरीच्या सालीला धारदार पात्यानं उभी-आडवी चीर दिली, लिंबाचा एक डोळा सालीसकट अलगद सोलला आणि त्या चिरेत सरकवला. मी पट्टी बांधली. डोळा दबेल म्हणून सैलच. "आवळ," अक्का म्हणाली. "मेल्यावानी काय बांधलीयास? आवळ जरा." त्या आवाजानं अप्पा दचकले आणि मग आम्ही तिघंही हसलो. पंधरा दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा डोळा हिरवा होता.

आज ते झाड माझ्या खांद्याला लागतं.

गेल्या आठवड्यात खोऱ्यात गवत पुन्हा एकदा पांढरं झालं. अक्का आता शहाणी झालीय. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला दिसला की ती संध्याकाळीच बागेला पाणी देते, आणि पहाटे बांधावर ओलं पाचट धुमसत ठेवते, धूर बागेवर पसरून राहतो. तिच्या झाडांचे फक्त शेंडे करपले. पण ओढ्यापलीकडच्या वाडीत एका घरची दहा-बारा लिंबं होरपळली. रविवारी मी तिथं असतानाच त्या घरची सून अक्काला न्यायला आली. पंचविशीची असेल. नवरा एमआयडीसीत, सासू आजारी, झाडं तिच्या एकटीच्या माथी.

आम्ही ओढा ओलांडून गेलो. तिथं गेल्यावर दिसलं की तिनं तीन झाडं आधीच कापलीत. खोडापर्यंत. पोरगी पदर बोटाला गुंडाळत बाजूला उभी राहिली.

"मला वाटलं, घाण दिसतंय," ती म्हणाली. "घाई झाली माझ्याकडनं."

मी दुसरीकडं बघायला लागले. अक्का त्या तीन बुंध्यांपाशी गेली, वाकली, एकेकाच्या सालीला नख लावून बघितलं. मग पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"कापलंस तर कापलंस," अक्का म्हणाली. "मुळं हाईत न्हवं खाली? येत्यात ती परत. आता उरलेल्यांना हात लावू नगंस, आनी पाणी जपून दे. मी येतो आठवड्याला."

पोरीचे डोळे भरले आणि चेहरा सैल झाला. तिनं आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

परत येताना अक्का पुढं, मी मागं. ऊन चढलं होतं. पन्हाळ्याच्या अंगाला पातळ धुकं अजून चिकटून होतं. शेवटी मी विचारलंच.

"अक्का, त्या साली मला असं का नाही म्हणालीस? येत्यात परत, म्हणून?"

ती चालत राहिली. ओढ्याच्या काठाशी आल्यावर थांबली, साडीचा ओचा वर खोचला.

"कसं म्हणणार, शैले?" ती म्हणाली. "तवा मला तरी कुठं ठावं हुतं, परत येत्यात म्हणून."

आणि पाण्यात उतरताना तिनं माझा हात धरला.